आवाजाची फाइल खुल्या वेबएम व्हिडिओत कशी बदलावी: कोकणातल्या ध्वनिमुद्रणांसाठी नवख्यांचा मार्गदर्शक

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, कोण कुठले पात्र करणार ते ठरते आणि पुढचे संवाद नट रंगमंचावर स्वतःच्या बुद्धीने बोलतात. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या जत्रेत आज रात्री झालेले नाटक उद्या दुसऱ्या गावी तसेच्या तसे होत नाही. म्हणून त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण हीच त्या नाटकाची एकमेव प्रत असते. डबलबारी भजनातल्या बुवांची जुगलबंदी, रत्नागिरीकडचे नमन-खेळे आणि जाखडी, गौरी-गणपतीत बायकांनी म्हटलेली फुगडीची गाणी, या सगळ्यांची स्थिती तीच. कोणीतरी फोन पुढे धरला असेल किंवा पूर्वी टेपरेकॉर्डर लावला असेल, तेवढेच आपल्या हाती उरते.

अशा फाइली घरोघरी पडून आहेत. त्या लोकांपर्यंत न्यायच्या म्हटल्या की पहिलीच अडचण येते: यूट्यूब नुसती ऑडिओ फाइल घेत नाही, व्हिडिओच लागतो. मग लोक इंटरनेटवर जे पहिले सापडेल ते कन्व्हर्टर वापरतात, कोपऱ्यात कुणाच्या तरी जाहिरातीचा शिक्का बसतो आणि आवाज आणखी खराब होतो. हा लेख त्याऐवजी काय करावे ते सांगतो. सॉफ्टवेअर सगळे मोफत आणि खुले आहे, आणि शेवटी हाती येणारी फाइल ज्या फॉरमॅटमध्ये असेल तो वापरायला कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत. संगणकावर फाइल उघडणे, सेव्ह करणे एवढे येत असेल तर पुरे.

आधी ठरवा: व्हिडिओ हवाच आहे का?

सगळ्याच आवाजाचा व्हिडिओ करायची गरज नसते. विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या खुल्या माध्यम-संग्रहात ठेवायचे असेल तर तिथे ऑडिओ ऑडिओ म्हणूनच चालतो. ओपस, ऑग व्हॉर्बिस, फ्लॅक, वेव्ह, एमपी३ हे सगळे तिथे घेतात. तिथे नुसता एक फोटो चिकटवून व्हिडिओ चढवण्यात अर्थ नाही. उलट मराठी विकिपीडियावर दशावताराच्या लेखात लावायला सुटी ऑडिओ फाइलच जास्त कामाची.

व्हिडिओ करावा तो तीन कारणांसाठी. यूट्यूबवर टाकायचा असेल म्हणून, आवाजासोबत दाखवण्याजोगी छायाचित्रे असतील म्हणून, किंवा संवादांची अक्षरे खाली दाखवायची असतील म्हणून. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. मुंबईत वाढलेल्या मुलांना आजीची मालवणी कानाने अर्धीच कळते. खाली अक्षरे आली की तीच मुले पूर्ण गाणे ऐकतात.

खुले फॉरमॅट म्हणजे नेमके कुठले

व्हिडिओ फाइलीत दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. एक डबा आणि दुसरा आतला जिन्नस. फाइलीच्या नावाच्या शेवटी दिसते ती बहुधा डब्याची ओळख: एमपी४, वेबएम, ऑग. आत चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने दाबून भरलेले असतात तिला कोडेक म्हणतात. एमपी४च्या डब्यात सहसा चित्रासाठी एच२६४ आणि आवाजासाठी एएसी असते. एच२६४चे पेटंट हक्क अनेक कंपन्यांकडे विखुरलेले होते आणि त्यांचा एकत्र परवाना घ्यावा लागे. परवान्याची रक्कम उपकरणे आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी भरायची असते, घरी नाटक ऐकणाऱ्याला ती दिसत नाही. पण मोफत सॉफ्टवेअर वाटणाऱ्या संस्थांना ती अडचण ठरते. म्हणूनच विकिमीडिया कॉमन्स एमपी४ व्हिडिओ स्वीकारत नाही.

खुल्या बाजूची घराणी थोडक्यात अशी. ऑन२ या कंपनीच्या व्हीपी३ वरून थिओरा तयार झाला. तो झिफ या संस्थेने वाढवला. पुढे २०१० मध्ये गुगलने ऑन२ विकत घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात व्हीपी८ खुला करून वेबएम जाहीर केले. वेबएमचा डबा मात्रोस्का या खुल्या डब्यावरून बेतलेला आहे. २०१२ मध्ये ओपस हा आवाजाचा कोडेक इंटरनेटचा अधिकृत मानक झाला, २०१३ मध्ये व्हीपी९ आला, आणि २०१८ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून केलेला एव्ही१.

नवख्याने यातून एकच जोडी निवडावी: वेबएमच्या डब्यात चित्रासाठी व्हीपी९ आणि आवाजासाठी ओपस. थिओरा आता मागे पडला आहे, क्रोम आणि फायरफॉक्सने त्याचा आधार काढून घेतला. एव्ही१ चित्र अधिक लहान जागेत बसवतो, पण साध्या लॅपटॉपवर फाइल तयार व्हायला फार वेळ घेतो. आपल्याकडे चित्र बहुतेक एका जागी स्थिरच असणार, तेव्हा त्या बचतीचा उपयोग नाही. यूट्यूबसुद्धा वेबएम सरळ घेते.

व्हीपी९ आणि एव्ही१ वरही आपले पेटंट आहेत असा दावा सिसवेल या कंपनीने केला आहे. पण तो उपकरणे बनवणाऱ्यांकडे वळलेला आहे. गावचे भजन वेबएम करून टाकणाऱ्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

परवानगी: हे काम संगणक सुरू करण्याआधीचे

फॉरमॅट खुला असला म्हणजे आतला आवाज खुला होत नाही. या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे बाजारात विकत मिळालेली नव्वद सालची भजनाची कॅसेट तुमच्या कपाटात असली तरी ती तुमची नाही. गाणे पारंपरिक असले तरी त्या कॅसेटवरचे मुद्रण कंपनीचेच. सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क वेगळा असतो आणि तो सादरीकरणानंतर ५० वर्षे चालतो. तेव्हा तुम्ही स्वतः फोनवर घेतलेल्या नाटकालाही मंडळाच्या मालकाची आणि नटांची संमती हवी. बहुतेक दशावतारी मंडळे आनंदाने हो म्हणतात, फक्त आधी विचारलेले त्यांना हवे असते. होकार कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवरच्या लेखी निरोपात घ्या आणि जपून ठेवा.

देवाचे गाऱ्हाणे, तरंग (देवाची सजवलेली काठी), अवसर (अंगात येणे) यांचे मुद्रण असेल तर प्रश्न कायद्याचा राहत नाही. ते सगळ्या जगापुढे ठेवायचे की गावापुरते, हे गावकर-मानकऱ्यांनी ठरवायचे. नाही म्हणाले तर ती फाइल जपून ठेवा, चढवू नका.

मूळ फाइल हातात घेताना

फोनवरची फाइल असेल तर ती व्हॉट्सॲपवरून मागवू नका. तिथे ऑडिओ म्हणून पाठवलेली फाइल वाटेत बदलण्याचा धोका असतो. केबलने उतरवा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. हाती आलेल्या फाइलीचे नाव काहीही असो, तिची एक प्रत ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि त्या फोल्डरला पुन्हा हात लावू नका. पुढचे सगळे काम दुसऱ्या प्रतीवर करायचे.

जुन्या बटणाच्या फोनवरच्या फाइली एएमआर प्रकारच्या असतात. त्या बोलण्यासाठी बनलेल्या आहेत, सेकंदाला आवाजाचे फक्त ८००० नमुने घेतात. त्यात पखवाजाची थाप आणि झांजेची किणकिण मुळातच उतरलेली नसते. कितीही चांगल्या फॉरमॅटमध्ये बदलली तरी ती परत येणार नाही. ती आहे तशी स्वीकारावी, आजोबांचा आवाज त्यात आहे एवढ्यासाठीच ती मोलाची.

कॅसेटचे काम वेगळे. कोकणातल्या पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पाहिल्यावर रिळावर पांढरट डाग दिसले तर ती कॅसेट लगेच वाजवू नका, टेप अडकते आणि प्लेअरचे हेडही खराब होते. आधी कोरड्या दिवसांत, चैत्र-वैशाखाच्या सुमारास, तिला हवा लागू द्या, आणि बुरशी फार असेल तर जाणकाराकडेच द्या. धड असलेली कॅसेट वाजवण्यापूर्वी प्लेअरचे हेड कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. मग प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून केबल लॅपटॉपकडे न्यायची. आजच्या बहुतेक लॅपटॉपला माईकचेच भोक असते आणि ते एकाच बाजूचा आवाज घेते, म्हणून यूएसबीचे लहान साउंड कार्ड वापरा. साठच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटे, नव्वदची ४५. कॅसेट जेवढी तेवढाच वेळ लागतो, त्याला उपाय नाही.

मुद्रण करताना ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधली आवाजाची पट्टी लाल रंगात जाऊ देऊ नका. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असा प्लेअरचा आवाज ठेवा. फुटलेला आवाज नंतर जोडता येत नाही.

ऑडॅसिटीत साफसफाई, पण हात आखडून

ऑडॅसिटी हे आवाजाचे खुले सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. पडद्यावर मेनूची नावे इंग्रजीत दिसतील, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

‘फाइल’ मेनूतून ‘इम्पोर्ट’ करून फाइल आत घ्या. एम४ए किंवा एएमआर उघडली नाही तर एफएफएमपेग ही लायब्ररी बसवावी लागते. ऑडॅसिटीच्या संकेतस्थळाच्या मदत विभागात ती कशी बसवायची ते दिले आहे. एकदा बसवली की पुन्हा बघावे लागत नाही.

आता खरखर. नाटक किंवा भजन सुरू होण्याआधीचा असा एखादा तुकडा शोधा जिथे कुणी बोलत नाही, फक्त टेपची सळसळ किंवा जनरेटरची घरघर आहे. दोन-तीन सेकंद पुरतात. तो निवडून ‘इफेक्ट’मधल्या ‘नॉइज रिडक्शन’मध्ये जा आणि ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा. मग संपूर्ण फाइल निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडा आणि लावा. तिथे किती डेसिबल खरखर कमी करायची तो आकडा असतो. तो ६ ते ९ ठेवा. जास्त घासले की माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि टाळांची चमक जाते. थोडी सळसळ राहिली तरी चालते.

जत्रेतला आवाज तर काढूच नये असे माझे ठाम मत आहे. मागे खेळण्यांची पिपाणी वाजते, खाजेवाला ओरडतो, मध्येच एखादे पोर रडते; पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला जत्रा कळेल ती त्यातूनच.

फोनवर वाऱ्याची घरघर आली असेल तर ‘हाय-पास फिल्टर’ लावा. यात एक आकडा द्यावा लागतो, त्याच्याखालचे खर्जातले आवाज कापले जातात. नुसते बोलणे असेल, एखाद्या वृद्ध खलाशाची मुलाखत वगैरे, तर ८० हर्ट्झ बिनधास्त द्या. भजन किंवा नाटक असेल तर ४० च्या वर जाऊ नका. पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा तिथेच असतो. तो कापला की ठेका पोकळ ऐकू येतो, आणि बुवा मंडळींच्या ते पहिल्या ओळीलाच लक्षात येईल.

शेवटी ‘नॉर्मलाइज’ लावून सर्वांत मोठा आवाज उणे १ डेसिबलवर आणा. रात्रभराचे नाटक असेल तर ते एकाच फाइलीत ठेवू नका. आडदशावतार, म्हणजे गणपती-सरस्वतीपासून संकासुरापर्यंतचा पूर्वरंग, वेगळा करा. पुढचे आख्यान प्रवेशांच्या जागी तोडून तास-तासाचे भाग करा. यूट्यूबवर कुणी पाच तासांची फाइल उघडत नाही, आणि तयार करताना वीज गेली तर एकच भाग वाया जातो.

आता ‘एक्सपोर्ट’ करा, पण एमपी३ नको. वेव्ह किंवा फ्लॅक निवडा. एमपी३ आणि ओपस दोन्ही आवाजाचा काही भाग टाकून देतात. आधी एमपी३ केले आणि पुढे ओपस केले तर दोनदा टाकले जाते. वेव्ह तासाला साधारण ६३५ मेगाबाइट खाते, फ्लॅक त्याहून बरीच कमी जागा घेते आणि तरी काही गमावत नाही. फ्लॅकही खुला आहे, तेव्हा कायम जपायची प्रत म्हणून तोच ठेवा.

चित्र

पडद्यावर काय दाखवायचे? त्याच प्रयोगाचे छायाचित्र असेल तर उत्तम. नसेल तर त्या मंदिराचे, त्या गावाचे, किंवा गाणाऱ्या बाईंचे त्यांच्या संमतीने काढलेले. इंटरनेटवरून उचललेला दशावताराचा रंगीत फोटो वापरू नका. तो कुणाच्या तरी कष्टाचा असतो, शिवाय भलत्याच नटाचा चेहरा भलत्याच आवाजावर चिकटतो आणि पुढे तीच चूक पसरत जाते.

चित्र आडवे, १२८० बाय ७२० आकाराचे करा. उभा फोटो असेल तर दोन्ही बाजूंना गडद रंग भरा, ताणून रुंद करू नका. गिंप या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये हे होते. चित्रावर चार ओळी लिहा: काय, कोणी, कुठे, कधी. देवनागरीसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता किंवा बालू हे टंक (फॉन्ट) घ्या, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत आणि जोडाक्षरे नीट येतात. अक्षर मोठे ठेवा, बघणारे बहुतेक जण फोनवर बघणार.

शॉटकटमध्ये जोडणी

व्हिडिओ जोडण्यासाठी शॉटकट घ्या. खुले आहे, मध्यम ताकदीच्या लॅपटॉपवर चालते.

सुरुवातीला नवा प्रकल्प करताना ‘व्हिडिओ मोड’ विचारतो, तिथे ७२०पी निवडा. चित्र आणि फ्लॅक फाइल दोन्ही ‘प्लेलिस्ट’मध्ये ओढून टाका. मग ‘टाइमलाइन’मध्ये एक व्हिडिओ ट्रॅक आणि एक ऑडिओ ट्रॅक तयार करा. आवाज ऑडिओ ट्रॅकवर अगदी सुरुवातीला ठेवा, चित्र व्हिडिओ ट्रॅकवर. चित्र आधी चारच सेकंदांचे दिसेल. त्याची उजवी कड पकडून आवाज संपतो तिथपर्यंत ओढा. अनेक छायाचित्रे असतील तर एकापुढे एक लावा, पण दर पाच सेकंदांनी चित्र बदलू नका. ऐकणाऱ्याचे लक्ष संवादावर राहायला हवे. आवाजाबरोबर नाचणाऱ्या रंगीत रेघांची सोयही यात आहे, ती मी वापरत नाही. फाइल त्याने फुगते आणि त्यातून काही कळत नाही.

आता ‘एक्सपोर्ट’. डाव्या बाजूला तयार साच्यांची यादी येते, तिच्यात वेबएमचे साचे आहेत. साच्याच्या नावावर विसंबू नका. ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून स्वतः बघा. ‘कोडेक’ टॅबमध्ये व्हीपी९ चे नाव दिसले पाहिजे, नुसते व्हीपीएक्स असेल तर तो जुना व्हीपी८ समजा. ‘रेट कंट्रोल’मध्ये ‘क्वालिटी-बेस्ड’ निवडून गुणवत्ता ४० ते ५० टक्के ठेवा. स्थिर चित्राला एवढी भरपूर होते. ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये सेकंदाला किती फ्रेम ते असते. तिथे १० टाकले तर फाइल तयार होण्याचा वेळ बराच कमी होतो, आणि हलत नसलेल्या चित्रात डोळ्याला काही फरक पडत नाही.

‘ऑडिओ’ टॅबकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण आपला सगळा माल तिथे आहे. कोडेक ओपस. नमुन्यांचा दर ४८००० हर्ट्झ. ओपस आतून याच दराने चालतो, त्यामुळे ४४१०० पाहून गोंधळू नका, बदल आपोआप होतो. फोनवरचे मुद्रण बहुधा एकाच वाहिनीचे असते, तेव्हा चॅनेल एक, म्हणजे मोनो ठेवा. बिटरेटचे, म्हणजे सेकंदाला किती माहिती भरायची त्याचे, माझे मोजमाप असे: नुसते बोलणे असेल तर ३२ ते ४८ किलोबिट, मोनो नाटक किंवा गाणे असेल तर ६४, आणि दोन माईकवर चांगले घेतलेले स्टिरिओ भजन असेल तर ९६ ते १२८. या आकड्यांना एमपी३ च्या सवयीने हसू नका. ओपस ६४ मध्ये जे देतो ते एमपी३ ला देता येत नाही.

आकाराचा हिशेब सोपा आहे. ६४ किलोबिट म्हणजे तासाला सुमारे २९ मेगाबाइट, ९६ म्हणजे सुमारे ४३. स्थिर चित्र त्यात थोडीच भर घालते. म्हणजे तासाचा प्रवेश पन्नास मेगाबाइटच्या आत बसतो. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत, जिथे फोनला एक-दोन काड्याच रेंज असते, तिथेही तो उतरवता येतो. हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या गावात नाटक झाले त्या गावालाच ते ऐकता आले नाही तर काय उपयोग?

‘एक्सपोर्ट फाइल’ दाबा, नाव द्या. नाव साधे आणि माहितीचे असू द्या: गाव, प्रकार, वर्ष, भाग क्रमांक. ‘नवीन १’, ‘फायनल २’ अशी नावे सहा महिन्यांनी तुमची तुम्हालाच कळणार नाहीत. व्हीपी९ तयार व्हायला वेळ लागतो, लॅपटॉप तापतो. आषाढात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरी पूर्ण भरून मगच सुरू करा आणि लॅपटॉपला झोपी जाऊ न देण्याची सेटिंग करा.

ज्यांच्याकडे शंभर फाइली आहेत आणि आज्ञा टाइप करून काम करायची तयारी आहे, त्यांनी एफएफएमपेग थेट शिकावे. एका चित्राची फेरी चालू ठेव, त्यावर हा आवाज लाव, आवाज संपला की थांब, चित्र व्हीपी९ आणि आवाज ओपस कर, एवढे एका ओळीत सांगता येते आणि तीच ओळ सगळ्या फोल्डरवर चालवता येते. नवख्याने मात्र आधी दोन-चार फाइली शॉटकटमध्येच करून बघाव्यात.

झाली का नीट, ते तपासा

तयार फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा. ‘टूल्स’मध्ये ‘कोडेक इन्फर्मेशन’ आहे, तिथे व्हीपी९ आणि ओपस ही दोन नावे दिसली पाहिजेत. मग सुरुवात, मध्य आणि शेवट ऐका. शेवट जरूर ऐका, चित्र आवाजाच्या आधी संपून काळा पडदा राहिला असेल तर तो तिथेच कळतो. हेडफोन लावून ऐका आणि एकदा साध्या फोनच्या स्पीकरवरही ऐका.

अक्षरे

संवादांची अक्षरे व्हिडिओत पक्की कोरू नका. एसआरटी नावाची साधी मजकूर फाइल वेगळी करा. त्यात ओळीचा क्रमांक, सुरू आणि संपण्याची वेळ आणि खाली संवाद, एवढेच असते. नोटपॅडमध्येही लिहिता येते, फक्त सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. वेगळी ठेवल्याने मालवणीची एक आणि प्रमाण मराठीची एक अशा दोन देता येतात, आणि नंतर एखाद्या जाणत्याने शब्द सुधारून दिला तर व्हिडिओ पुन्हा बनवावा लागत नाही. लिहिताना मालवणी मालवणीच ठेवा. नटाने ‘खयं’ म्हटले असेल तर ‘कुठे’ लिहू नका.

लोकांपर्यंत

यूट्यूबवर वेबएम जशीच्या तशी चढवा. कॉमन्सवर जायचे असेल तर परवाना निवडावा लागतो. सीसी बाय-एसए ४.० हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना घेतला तर कुणीही वापरू शकतो, पण नाव द्यावे लागते आणि पुढे त्याच अटीवर वाटावे लागते. मंडळाला हे मान्य आहे ना, ते परवानगी घेतानाच समजावून सांगा, कारण एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

वर्णनात आख्यानाचे नाव, मंडळ, गाव, तारीख, नट आणि पात्रे, पायपेटी, पखवाज आणि झांज कोणाची, मुद्रण कोणी आणि कशावर केले, हे लिहा. वादकांची नावे नेहमी सुटतात, ती आवर्जून विचारून घ्या. तारीख आठवत नसेल तर ‘अमुक सालच्या सुमारास, कार्तिकातली जत्रा’ असे लिहा, अंदाजाची तारीख पक्की म्हणून देऊ नका.

गावच्या व्हॉट्सॲप गटावर वेबएम व्हिडिओ म्हणून पाठवायला गेलात तर अडचण येईल. डॉक्युमेंट म्हणून जोडा आणि उघडायला फोनवर व्हीएलसी घ्यायला सांगा, ते मोफत आहे. जुन्या आयफोनवरही वेबएम आपोआप चालत नाही, तिथेही व्हीएलसीच. ज्यांना तेवढेही जमणार नाही त्यांच्यासाठी यूट्यूबचा दुवा द्या.

राहिली जपणूक. मूळ फाइल, फ्लॅक, वेबएम, एसआरटी आणि परवानगीचा कागद एका फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या दोन प्रती करा. एक गावात, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कारण समुद्राची खारी दमट हवा हार्ड डिस्कच्या जोडण्यांनाही सोडत नाही. दुसरी गणपतीला आलेल्या एखाद्या चाकरमान्याबरोबर मुंबईला द्या आणि शिमग्याला तो परत येईल तेव्हा त्या वर्षाच्या नव्या फाइली तिच्यात भरून घ्या.